हीटरचा फॅन फक्त चारवरच चालतो, रेझिस्टर बदलला तरी परत जळतो, मग बघायचं काय?

माझी गाडी वीस वर्षांच्या पुढची आहे आणि तिच्या हीटरच्या फॅनचा रेझिस्टर आत्तापर्यंत तीनदा जळालाय. पहिला बदलला तो सात-आठ महिने टिकला, दुसरा तीन महिने, आणि तिसरा जेव्हा पाच आठवड्यांत गेला आणि जाताना सॉकेटचं प्लॅस्टिकपण वितळवून गेला तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली की आपण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी करतोय. ज्याच्याकडे गाडी नेत होतो तो दर वेळी जळका पार्ट काढायचा, नवा घालायचा, एक-दोन-तीन-चार स्पीड फिरवून दाखवायचा आणि विषय संपला. मीपण खूश. का जळाला हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, त्यामुळे दोष निम्मा माझाच.

आधी हा फॅन चालतो कसा ते बघू, कारण हे एकदा कळलं की अर्धी शोधाशोध तिथेच संपते. जुन्या गाड्यांत ब्लोअरची, म्हणजे या फॅनची, मोटर साधी डीसी मोटर असते, तिला पूर्ण व्होल्टेज दिलं की ती फुल पळते. स्पीड कमी करायला मध्ये रेझिस्टर टाकतात, म्हणजे तारेची दोन-तीन वेटोळी किंवा सिरॅमिकची एक पट्टी, एक नंबरवर सगळी वेटोळी वाटेत येतात, दोनवर थोडी कमी, तीनवर अजून कमी, आणि चारवर रेझिस्टरला वळसा घालून करंट सरळ मोटरला जातो. म्हणून फॅन फक्त चारवर चालत असेल आणि खालचे सगळे स्पीड मेले असतील तर रेझिस्टर गेलाय असं जवळजवळ डोळे मिटून म्हणता येतं, बऱ्याचदा वेटोळी शाबूत असतात आणि त्यावरचा छोटा थर्मल फ्यूज (जास्त तापलं की उडणारा) उडालेला असतो. उलट असेल, म्हणजे एक-दोन-तीन चालतात आणि फक्त चार बंद, तर रेझिस्टरला हात लावू नका, स्विचचा चारचा कॉन्टॅक्ट, तिकडची वायर किंवा त्या स्पीडचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) असेल तर तो बघा. काहीच चालत नसेल तर फ्यूज, मोटर, अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जाणारी वाट) आणि स्विच या चौघांपैकी कुणीतरी आहे. आणि खड्ड्यात गाडी आपटली की फॅन चालू होतो, परत बंद पडतो, असं असेल तर सैल कनेक्टर, खराब अर्थ किंवा मोटरचे झिजलेले कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश).

आता खरी गोम. रेझिस्टरचं कामच मुळी गरम होणं आहे, म्हणून कंपनी त्याला मुद्दाम हवेच्या वाटेत बसवते, फॅनची हवा त्याच्यावरून जाते आणि तो थंड राहतो. मग तो जळतो कधी? एक तर त्याच्यातून जायला हवा त्यापेक्षा जास्त करंट जातोय, नाहीतर त्याच्यावरून जायला हवी तेवढी हवा जात नाहीये. माझ्या गाडीत दोन्ही होतं, हा माझा मान.

हवेचं आधी सांगतो कारण ते बघायला फुकट आहे. ग्लोव्ह बॉक्स उतरवला, रेझिस्टरचे दोन स्क्रू काढले आणि मोबाइलचा टॉर्च लावून आत बघितलं तर वाळक्या पानांचा भुगा, काड्या, केसांचा पुंजका आणि त्या सगळ्यावर धुळीची राखाडी गोधडी. रेझिस्टरच्या वेटोळ्यांना चिकटलेली पानं तर काळी पडून कुरकुरीत झाली होती, आणि फॅन लावला की सुरुवातीला एक मिनिट जो जळका वास यायचा, ज्याला मी इतके दिवस "जुनी गाडी आहे, येणारच" म्हणत होतो, तो हा. काचेखाली वायपरपाशी जी जाळी असते तिथून हे सगळं आत येतं. माझ्या गाडीला केबिन फिल्टर नाहीच, पण तुमच्या गाडीला असेल आणि तो वर्षानुवर्षं बदलला नसेल तर तो चोंदूनपण हाच परिणाम होतो, हवा कमी आणि रेझिस्टर तापतोय. त्याच जाळीखाली पावसाचं पाणी बाहेर जायला भोकं असतात, ती पानांनी बुजली की पाणी साचून ब्लोअरमध्ये उतरतं आणि मोटर गंजते, म्हणून तिथे मगभर पाणी हळूहळू ओतून बघा, खाली चाकाजवळ लगेच गळायला लागलं तर ठीक, तिथेच तळं झालं तर तार घालून भोकं मोकळी करा.

करंटची भानगड मात्र मोटर बाहेर काढल्याशिवाय कळली नाही. तीन स्क्रू आणि एक सॉकेट, मोटर खाली हातात येते, पण पायाच्या जागेत डोकं घालून आडवं पडावं लागतं आणि कपाळावर धूळ पडते ती पडतेच. काढल्यावर पंख्याला बोटाने एक टिचकी मारा. चांगली मोटर दोन-चार फेरे आरामात फिरून थांबते. माझी अर्धा फेरा फिरली आणि जिथल्या तिथे अडकल्यासारखी थांबली, शिवाय शाफ्ट हातात धरून हलवला तर आतल्या बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) खडखड. म्हणजे बुश कोरडं पडून झिजलेलं. डीसी मोटर जेवढी जोरात फिरते तेवढा ती स्वतःच उलटा दाब (व्होल्टेज) तयार करून करंट आटोक्यात ठेवते, ती जड झाली, हळू फिरायला लागली की हा दाब कमी होतो आणि करंट वाढतो. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते हे शाळेत शिकलेलं इथे कामाला येतं, करंट दीडपट झाला तर रेझिस्टरमधली उष्णता सव्वादोनपट होते. मग नवा रेझिस्टर कितीही चांगला असो, तो दुसऱ्याच्या पापाने मरणारच.

करंट मोजायचा असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, घरच्या वायरिंगसाठी असतो तो साधा एसीचा क्लॅम्प इथे काहीच दाखवत नाही. आणि मल्टीमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून ब्लोअरच्या लाइनमध्ये घालू नका, मी घातला होता, मीटरमधला फ्यूज उडाला आणि मीटर बिघडला समजून मी दोन दिवस हळहळत बसलो. माझी जुनी मोटर चारवर २४ अँपिअर खात होती, नवी बसवल्यावर तोच आकडा १६ वर आला. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असणार, पण लाइनचा फ्यूज ३० चा असेल आणि मोटर सतत पंचविसाच्या आसपास असेल तर ती म्हातारी झालीय असं समजा.

तेल घालून भागतं का, तर थोडे दिवस भागतं. बुश सच्छिद्र असतं, त्यात तेल मुरलेलं असतं, म्हणून इंजिन ऑइलचा एखादा थेंब शाफ्टच्या मुळाशी सोडून हाताने फिरवत राहिलं तर आवाज जातो. गंज सोडवायचा स्प्रे मात्र मारू नका, तो असलेलं तेल धुऊन काढतो, आठ दिवस छान वाटतं आणि नंतर आधीपेक्षा जास्त किंचाळते. आणि मोटर बंद पडल्यावर तिच्या डब्यावर ठोकलं की चालू होत असेल तर कार्बन संपत आलेत, तिथे तेलाचा काही उपयोग नाही, उलट कार्बनवर तेल गेलं की अजून घाण.

नवी मोटर लावताना एक गंमत झाली ती सांगून टाकतो. माझ्या नव्या मोटरला सॉकेट आलं नव्हतं, नुसत्या दोन वायरी होत्या, आणि मी त्या उलट्या जोडल्या. फॅन मस्त फिरतोय, आवाज नाही, काही नाही, पण हवा येतेय अगदी मरगळलेली. अर्धा तास मी फ्लॅप आणि डक्टच तपासत बसलो होतो. हा पिंजऱ्यासारखा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने फेकतो, फक्त खूप कमी, त्यामुळे लक्षात येत नाही. वायरी बदलल्या आणि समोरच्या काचेवरची धूळ उडाली.

आता सॉकेट, म्हणजे रेझिस्टरला जो कनेक्टर लागतो तो. माझ्या मते परत परत जळण्यामागचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच आहे. कनेक्टरच्या आत जी पितळी पकड असते ती स्प्रिंगसारखी पिनेला दाबून धरते. ती एकदा चांगली तापली की तिचा ताण जातो, मग ती नुसती पिनेला टेकलेली राहते, टेकलेल्या जागी रेझिस्टन्स वाढतो, तिथे उष्णता होते, त्याने ती अजून ढिली होते, म्हणजे हे दुष्टचक्रच आहे. जळक्या सॉकेटमध्ये नवा रेझिस्टर खुपसणं म्हणजे नवा जावई जुन्याच भांडणात ढकलणं. प्लॅस्टिक तपकिरी पडलंय, एखादी पिन निळसर-काळी दिसतेय, वायरचं कव्हर कडक झालंय, यातलं एक जरी दिसलं तरी सॉकेट कापून टाका आणि वायरसकट नवं लावा. वायर मागे कापत जा, आत तांबं लालसर चकचकीत दिसेपर्यंत, माझ्या गाडीत काळं पडलेलं तांबं बोटभर आतपर्यंत गेलं होतं. जोड नीट क्रिम्प करा, वर हीट श्रिंक चढवा, वायर मूळच्या जाडीची किंवा त्याहून जाडच वापरा. पिळून टेप गुंडाळलेला जोड इथे टिकत नाही, ही काही केबिनच्या दिव्याची वायर नाही.

आता स्विच. काही बदलायच्या आधीपासूनच तो हाताला गरम लागत होता, म्हणून मी व्होल्टेज ड्रॉप मोजून ठेवला होता, आणि खरं तर सगळ्यात आधी तोच मोजायला हवा. लोक काय करतात, मोटरचं सॉकेट काढतात, त्यात मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले की म्हणतात सप्लाय बरोबर आहे. अहो, वायरीतला एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर १२ दाखवणार, मीटर करंटच ओढत नाही. लोड चालू असताना मोजा. सॉकेट लावलेलं, फॅन चारवर, इंजिन चालू. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर, टर्मिनलवर नाही, प्रत्यक्ष खुंटीवर, आणि दुसरं मोटरच्या प्लसवर मागून सुई सारून. जे व्होल्ट दिसतील ते वाटेत हरवलेले व्होल्ट. माझ्याकडे २.४ दिसले. मग एक एक टप्पा मोजत गेलो, स्विचच्या दोन टोकांत १.१, त्या रेझिस्टरच्या सॉकेटमध्ये ०.८ (आमच्यात चारची वायरसुद्धा त्याच सॉकेटमधून जाते), आणि बाकीचे फ्यूज, वायर वगैरेंत वाटलेले. हे मी जुनी मोटर आणि जुनं सॉकेट असताना मोजून ठेवलेले आकडे आहेत. आता २४ अँपिअर गुणिले १.१ व्होल्ट म्हणजे २६ वॅट, म्हणजे डॅशबोर्डच्या आत त्या बोटाएवढ्या स्विचमध्ये एक छोटा सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच झालं की. स्विच गरम लागणार नाही तर काय होणार.

अर्थची बाजूपण तशीच बघा, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि एक मोटरच्या मायनसवर. ०.१-०.२ व्होल्टपर्यंत चालतं, त्याच्या वर गेलं तर अर्थचा बोल्ट शोधा, काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा पांढरा करा, वायरच्या टोकाची लग घासा, घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. जुन्या गाडीत अर्ध्याहून जास्त विचित्र इलेक्ट्रिक दुखणी अर्थचीच निघतात असा माझा अनुभव. फॅन लावला की इंडिकेटर मंदावतो, वायपर रेंगाळतो, हेडलाइट लावला की गेजचा काटा हलतो, असले एकमेकांशी संबंध नसलेले प्रकार दिसले की पार्ट बदलत बसू नका, इंजिन ते बॉडी जी जाड वेणीसारखी पट्टी असते ती बघा. ती तुटली की करंट मिळेल त्या वाटेने परत येतो, अगदी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा, आणि ती केबल तापते.

स्विच बदलला, पण जुन्या डिझाइनमध्ये सगळा लोड स्विचवरूनच जातो म्हणून मी चार नंबरसाठी एक रिले घातला. साधा चार पायांचा रिले, बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर ३० नंबरच्या पायाला, ८७ वरून मोटरला, आणि स्विचची जुनी चारची वायर मोटरपासून तोडून ८६ ला, ८५ अर्थ. मग स्विचला चारवर फक्त रिलेच्या कॉइलचा करंट सोसावा लागतो, तो अर्धा अँपिअरपण नसतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरला कुणी वाली नसतो. आणि हे झाल्यावर फॅन चारवर ठेवून चावी बंद करून बघा. काही गाड्यांच्या स्विचमध्ये उलटा करंट रेझिस्टरमधून मागे येऊन रिलेला धरून ठेवतो, चावी काढली तरी फॅन चालूच, आणि सकाळी बॅटरी झोपलेली. तसं झालं तर मोटर आणि रेझिस्टर यांच्यामधली लाइन चारवर तोडावी लागते, त्यासाठी पाच पायांचा रिले घ्या आणि हे काम जमत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, लाज नाही त्यात. आणि हे फक्त ज्यांच्या स्विचमधून प्लस जातो त्यांच्यासाठी, बऱ्याच गाड्यांत मोटरला प्लस कायम असतो आणि स्विच अर्थ जोडतो-तोडतो, तिथे ही जोडणी चालणार नाही, आधी टेस्ट लॅम्पने तुमचं कुठलं आहे ते ठरवा.

फ्यूजबद्दल एकच, पण ते ठणकावून सांगतो. माझ्या गाडीत ब्लोअरच्या जागी हिरवा ३० चा हवा होता आणि कुणीतरी कधीतरी नारिंगी ४० चा घालून ठेवला होता, म्हणजे आधी फ्यूज उडत होता आणि त्यावर हा उपाय. फ्यूज मोटरला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. मोठा फ्यूज घातला की उडायचं काम वायर करते, आणि वायर कार्पेटखाली, डॅशबोर्डमागे असते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीचं मायनस काढा, आधी मायनसच, कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला आणि मायनस जोडलेलं असलं तर ठिणग्यांची दिवाळी. एअरबॅग असेल तर मायनस काढून थोडा वेळ थांबा आणि पिवळ्या कनेक्टरांच्या वाटेला जाऊ नका. मोजमापं अर्थातच बॅटरी जोडूनच घ्यावी लागतात, तेव्हा हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवा. आणि फॅन नुकताच चालवला असेल तर रेझिस्टरला बोट लावू नका, माझ्या अंगठ्यावर त्या वेटोळ्याचा छाप आठवडाभर होता.

फॅन व्यवस्थित आहे पण हवा गारच येते, हा प्रकार वेगळा, तो इलेक्ट्रिकचा नाही म्हणून थोडक्यात. इंजिन गरम झाल्यावर हीटरला जाणाऱ्या दोन्ही होजना जपून हात लावा. दोन्ही गरम असतील तर आतला फ्लॅप किंवा त्याची केबल. एक गरम आणि एक गार तर हीटर कोअर (गरम कूलंट फिरतं तो हीटरचा छोटा रेडिएटर) चोंदलाय किंवा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही कोमट आणि गेजचा काटापण वर येत नाही तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, कूलंट कमी असेल तरी असंच वाटतं. रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना उघडायचं नाही. पायाखाली कार्पेट ओलं, गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट धुकं आलं तर हीटर कोअर गळतोय, आणि ते गळकं कूलंट खाली कनेक्टरवर ठिबकत असेल तर मग परत आपल्या विषयावर आलात, पिनांवर हिरवा गंज दिसेल.

फॅन फुल, हेडलाइट, मागच्या काचेची हीटिंग सगळं एकदम लावून इंजिन नुसतं चालू ठेवल्यावर लाइट मंद होत असतील तर बॅटरीवर मीटर लावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. सगळा लोड टाकल्यावर १३ च्या खाली येऊन तिथेच राहिलं आणि थोडी रेस दिल्यावरही वर आलं नाही तर आधी पट्टा सैल आहे का बघा, मग डायनॅमो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. मोटर जास्त करंट खात होती तेव्हा माझ्याकडेपण लाइट मंद व्हायचे आणि एकाने मला डायनॅमो बदलायला सांगितलं होतं, बरं झालं ऐकलं नाही.

मोटर, रेझिस्टर, सॉकेट, स्विच, रिले असं सगळं झाल्यावर परत ड्रॉप मोजला, २.४ चा ०.४ झाला, आणि आता चौथा रेझिस्टर दुसरा हिवाळा बघतोय. एक बारीक टिकटिक तेवढी राहिलीय, फक्त तीनवर आणि फक्त डावीकडे वळताना, पंख्यात एखादं पान राहिलं असणार, रविवारी परत ग्लोव्ह बॉक्स उतरवतो.